खुंटीवरचं लाल टोकन

शिपायानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि मी तो हातानं बाजूला सारला. विचार करून नाही, कागदावरची माशी हाकलावी तितक्या सहज. मग तो हात मला दिसला. टेबलावर ग्लासाच्या गार बुडाचं ओलं कडं उमटलं होतं आणि त्याच्यापलीकडे माझी बोटं, नखं आखूड कापलेली, करंगळी जराशी बाहेर. ही माझ्या आईची पद्धत. कुणाच्याही घरी गेलं की ती पाण्याचा पेला अशीच सारते, समोरची बाई दुखावणार नाही इतपत हळू, आणि म्हणते, "आत्ताच पिऊन निघाले." ते साफ खोटं असतं. मीही सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता हे मला त्या क्षणी, कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगापुढे साक्षीच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. घरून निघताना बाटली भरली होती, ती पिशवीत तशीच भरलेली होती. तहानेवर भलाथोरला अहवाल लिहिणारी बाई स्वतः कोरडी ठणठणीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तुमची तयारी असेल तर सुरू करू या," अध्यक्षबाई म्हणाल्या. तयारी होतीच. मी तयारीशिवाय कुठंही जात नाही. मी माझ्या कामात चांगली आहे आणि ते मला माहीत आहे. खोटी नम्रता दाखवण्यात वेळ घालवण्यापेक्षा ते सांगून मोकळं झालेलं बरं. समोर उंच टेबलामागे तिघं सदस्य, मध्ये अध्यक्षबाई, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त वेळ ठेवणाऱ्या. डावीकडे कंपनीचे वकील आणि त्यांच्या शेजारी कंपनीनं आणलेले अर्थतज्ज्ञ, म्हणजे माझे सर. हो, माझेच. मला अर्थशास्त्र ज्यांनी शिकवलं तेच. उजवीकडे कारखान्यातल्या बायका, रजा टाकून आलेल्या, खुर्च्यांवर पाठ न टेकता बसलेल्या. पट्ट्यावर काम करणाऱ्या माणसाला पाठ टेकायची सवय राहत नाही. आणि शेवटच्या रांगेत, दाराला लागून, माझी आई. तिला म्हटलं होतं, तिथं कंटाळशील. तर म्हणाली, "तू जन्मल्यापासून बोलतेयस, मी कंटाळले का कधी?"

प्रकरण असं होतं. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणारा कारखाना. लांब पट्टे, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बायका, आणि प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक खुंटी. खुंटीवर लाल प्लॅस्टिकचं एकच टोकन, बशीएवढं, दोरीत ओवलेलं. जिला बाथरूमला जायचंय तिनं ते गळ्यात घालायचं, जायचं, यायचं, पुन्हा खुंटीला लावायचं. टोकन जाग्यावर नसेल तर बाकीच्यांनी थांबायचं. ते उचललं की सुपरवायझर घड्याळाकडे बघून नोंद करणार. बायकांनी आयोगाकडे अर्ज केला होता की ही माणसाला द्यायची वागणूक नाही, ही टोकनं काढून टाका. कंपनीचं म्हणणं, गोळ्यांचं काम आहे, स्वच्छता पाळावी लागते, उठसूट कुणी बाहेर जाऊन चालत नाही; आणि मुळात अडवलंय कुणी? आमच्याच नोंदी बघा, टोकन बराचसा वेळ खुंटीवर नुसतं लटकलेलं असतं. कुणी उचलतच नाही. आदल्या बैठकीत सरांनी याचा आलेख भिंतीवर दाखवला होता, जमिनीला चिकटलेली एक रेघ, आणि त्यांच्या त्या मधाळ आवाजात म्हणाले होते, "ज्या हॉटेलात निम्मी टेबलं रिकामी आहेत, तिथं जागा मिळत नाही अशी तक्रार करायची म्हणजे कमाल आहे." सदस्य हसले होते. मलाही हसू आलं होतं, कारण वाक्य चांगलं होतं. सरांची वाक्यं चांगलीच असतात. ती ऐकूनच तर मी या विषयाच्या नादी लागले.

माझ्या लहानपणी आई बल्बच्या कारखान्यात होती. संध्याकाळी ती घरी यायची, चपला काढायची आणि कुणाशी एक शब्द न बोलता सरळ स्वयंपाकघरात जायची. मी आणि दादा दारात उभे. ती मोठा पेला भरून उभ्यानं, एका दमात प्यायची. गळ्याची हालचाल दिसायची, गट गट आवाज यायचा, आणि आम्ही दोघं श्वास रोखून ते बघायचो. मग दुसरा पेला. मग ती ओट्याला टेकायची, तोंड पुसायची आणि म्हणायची, "हं, आता बोला." तोवर बोलायचं नाही असा आमच्या घरचा नियमच होता, कुणी न सांगितलेला. मला वाटायचं सगळ्यांच्या आया संध्याकाळीच पाणी पितात. एकदा मैत्रिणीकडे तिच्या आईला भर दुपारी पाणी पिताना पाहिलं तेव्हा मी घरी येऊन दादाला सांगितलं, त्यांची आई आजारी आहे बहुतेक. पुढं कळत्या वयात आईनं सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल. तिथं टोकन नव्हतं. तिथं शाळेतल्या मुलांसारखा हात वर करून सुपरवायझरला विचारायचं. तो ऐकू न आल्यासारखं करायचा, मग मोठ्यानं विचारायचं. "म्हटलं, मरू दे," आई म्हणाली. "पाणीच नाही प्यायलं तर विचारायचंच कशाला कुणाला?" हे सांगताना ती दुःखी नव्हती. मान ताठ होती तिची. त्या माणसासमोर तिनं अख्ख्या नोकरीत हात म्हणून वर केला नाही, आणि हा तिचा विजय होता. विजयाची किंमत मूतखड्याच्या रूपानं नंतर आली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तिनं मान डोलावली आणि सवय होती तशीच ठेवली. नोकरी सुटून जमाना झाला तरी बाहेर पडायचं असेल त्या दिवशी ती पाण्याला शिवत नाही. आज सकाळीही. "बाहेर जायचंय ना," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले, आणि स्वतःची बाटली पिशवीत कोंबली.

कारखान्यातल्या बायकांच्या वकीलबाई माझ्याकडे हे प्रकरण घेऊन आल्या तेव्हा त्यांना माझ्याकडून प्रतिष्ठा, सन्मान वगैरे शब्द हवे होते. मी म्हटलं, ते तुम्ही बोला, तुम्हाला छान जमतं. मला कारखान्यातले आकडे द्या. त्यांचा चेहरा पडला. बायकांची एक पुढारी होती, तिला सगळे ताई म्हणायचे, मीसुद्धा. ती तर फटकन म्हणाली, "म्हणजे आमचा त्रास तुम्ही आता मोजपट्टीनं मोजणार?" मी हो म्हटलं. लोकांना आमचा विषय थंड रक्ताचा वाटतो. बाजारभाव सांगणारे, माणसाला नग समजणारे, असं बरंच काही मी लग्नाकार्यांतून ऐकलेलं आहे. ऐकून घेते आणि मनात म्हणते, बोला. मला माझ्या विषयाचा अभिमान आहे. ज्याच्या दुःखाला शब्द नसतात किंवा ज्याचे शब्द कुणी धरत नाही, त्याच्या वागण्यातून ते वाचायची एक रीत या विषयानं मला दिली. सर वर्गात खडू आपटून सांगायचे, "माणूस काय म्हणतो ते ऐका, पण विश्वास ठेवा तो काय करतो त्यावर." मी ते वहीत लिहून घेतलं होतं. सर बहुधा विसरले असावेत.

त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोक्यावर टोपी, पायांना पिशव्या घालून पट्ट्याच्या कडेला उभी राहिले आणि ते टोकन बघितलं. खरंच लटकलेलं होतं. कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं, घरातल्या बंद पडलेल्या घड्याळाकडे बघत नाहीत तसं. त्याच्या शेजारीच पाण्याचं मशीन होतं, स्वच्छ, गार पाण्याचं, वर कागदी पेल्यांची उतरंड. पेले धूळ खात पडले होते. माझ्या जिभेवर तेव्हा एक चव आली, बल्बच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची, आईच्या कपड्यांना येणाऱ्या वासाची चव. आणि मला सरांची रेघ समजली. सर टोकन मोजत होते. पण टोकनची गरज पाण्यापासून सुरू होते. वस्तू महाग झाली की गिऱ्हाईक दुकानात येऊन घासाघीस करत बसत नाही, त्या रस्त्यानं जायचंच सोडतं. मग दुकान रिकामं दिसतं. आणि टोकनची किंमत काय थोडी होती? सगळ्यांदेखत गळ्यात लाल बशी, घड्याळावर डोळा ठेवून बसलेला माणूस, मागं खोळंबलेल्या जणींच्या नजरा. पाण्याचं मशीन भाड्याचं होतं, म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या मशीनला वापराचा मीटर होता. मी ते आकडे मागितले तेव्हा कंपनीनं आनंदानं दिले. पाण्याच्या आकड्यांनी काय होणार, असं त्यांना वाटलं असेल.

हे सगळं मी आयोगापुढं सांगत होते. आवाज जरा घोगरा येत होता, टाळू कोरडी पडली होती, तरी ग्लासाला हात लावला नाही. आता तर हट्टानंच. "थोडक्यात सांगायचं तर," मी म्हटलं, "या बायका पाणी पीत नाहीत. टोकन कोण उचलणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" उजवीकडच्या रांगांत खसखस पिकली. टंकलेखक थांबला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, हे नोंदीत घ्यायचं का?" अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "घ्या," त्या म्हणाल्या.

मग मी तिसऱ्या पट्ट्याकडे वळले. तिथं एक गंमत घडली होती. टोकन दोरीतून निसटून पट्ट्याखाली गेलं आणि रुळांत सापडून त्याचा चुरा झाला. नवीन टोकन मुख्य कार्यालयातून यायचं, आणि मुख्य कार्यालयातून काही यायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. तोवर त्या पट्ट्याचा सुपरवायझर अडचणीत आला. टोकन उचललं की वेळ टिपायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. टोकनच नसताना बाईला कसं अडवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे त्या पट्ट्यावरच्या बायका काही आठवडे जायचं तेव्हा जात होत्या. बाकीच्या पट्ट्यांवर सगळं पूर्वीसारखं. आमच्या विषयात असा योग ठरवून जुळवता येत नाही, तो आयता सापडावा लागतो, आणि सापडला तर ओळखावा लागतो. मी ओळखला. रात्रीची झोप उडाली होती माझी आनंदानं. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या मीटरचा रोजचा आकडा जागचा हलला नाही. मी घाबरले, म्हटलं, सर जिंकले. मग दुसऱ्या आठवड्यात थोडा हलला. तिसऱ्यात चढला, आणि मग चढतच गेला. टोकन गेलं होतं, दार उघडं होतं, पण घशाला ते खरं वाटायला वेळ लागला. नवं टोकन आलं त्याच दिवशी मात्र आकडा खाली बसला. विश्वास यायला आठवडे लागले, जायला एक सकाळ पुरली. आणि त्या साऱ्या काळात त्या पट्ट्याचं काम तसूभरही घटलं नाही. चुकीची भरलेली पाकिटं उलट कमी झाली, दवाखान्याच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. "खर्च नाहीसा होत नसतो," मी म्हटलं. "तो फक्त जागा बदलतो. इथं तो पट्ट्यावरून उचलून बायकांच्या पोटात ठेवला होता."

ताई माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात मोजपट्टीचा राग उरला नव्हता. तेवढ्यात मागच्या रांगेत मला हालचाल दिसली. शिपाई जग घेऊन फिरत होता. आईनं त्याच्याकडून ग्लास घेतला. मला वाटलं, करंगळी येईल आता. ती आली नाही. आईनं ग्लास तोंडाला लावला, भर दुपारी, परक्या जागी, आणि रिकामा करून पुन्हा पुढं धरला. शिपायानं तो भरला. मी वाक्य अर्धवट सोडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुढं?" आणि मला पुढचं शोधावं लागलं, माझ्यासारख्या तयारीच्या बाईला.

प्रश्न विचारायची परवानगी सरांनी मागितली. ते उभे राहिले, कोट ओढून सारखा केला. केस पांढरे झाले होते, पण वर्गात आले की बाकावर बसलेली मुलं जशी सावरून बसायची तशी ती खोली सावरून बसली. मीसुद्धा. त्यांनी आधी मीटरवर, मग आठवड्यांवर, मग दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर बारीक बारीक प्रश्न काढले, आणि एकेका प्रश्नाला मी जवळ जवळ मजेत उत्तरं देत गेले. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला बरोबरीच्या नात्यानं अडवत होतं. बायकांनी दुसरी नोकरी का धरली नाही, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, त्या भागात पाकिटं भरणारे सगळेच कारखाने टोकनवाले आहेत. इकडं आड तिकडं विहीर असेल तर माणूस कुठं उडी मारतो यावरून त्याची आवड ठरवू नये. सर किंचित हसले. मग त्यांनी कागद खाली ठेवला. मला ओळखीचं होतं ते. आता खरा प्रश्न येणार.

"समजा," ते म्हणाले, "तिसऱ्या पट्ट्याचं उत्पादन घटलं असतं. चांगलं भरपूर घटलं असतं. तर तुम्ही आज त्या खुर्चीत बसला असता का?"

वकीलबाईंनी पेन दातात धरलं. प्रश्न अगदी मर्मावर होता आणि तो मी स्वतःला कितीदा विचारला होता, आंघोळ करताना, बसची वाट बघताना. हो म्हटलं तर माझा अहवाल कशाला? नाही म्हटलं तर बायकांचं माणूसपण पाकिटांच्या ढिगावर टांगलेलं, ढीग वाढला तर माणूस, घटला तर नाही. माझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर आलं, वर केलेला पेला, हलणारा गळा. आई काही आकड्यात बसत नव्हती, आणि तरी मला आयुष्यभर पुरेल एवढा प्रश्न तिनंच दिला होता.

"बसले असते, सर," मी म्हटलं. "बाथरूमला जायचा हक्क माणसाला आहे की नाही, हे मी मोजलेलं नाही. ते मोजायचं नसतंच. तो नाकारला की त्याची किंमत कोण भरतं, एवढंच मी मोजलंय. काम घटलं असतं तर मी इथं येऊन तेही सांगितलं असतं. मग ती किंमत कंपनीनं भरायची की बायकांनी, हा प्रश्न उरला असता, आणि तो आयोगाला उघड्या डोळ्यांनी सोडवावा लागला असता. आज तो सोडवलेलाच आहे. फक्त कुणाला न विचारता." आणि मग न राहवून म्हटलं, "माणूस काय करतो त्यावर विश्वास ठेवा, असं तुम्हीच शिकवलंत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते विसरले नव्हते. मला ते त्यांच्या भुवयांवरून कळलं, आणि छातीत काहीतरी भरून आलं. त्याला अभिमान म्हणतात, दुसरा शब्द नाही. त्यांचाही आणि माझाही.

तेवढ्यात मागं खुर्ची करकरली. आई उठली होती. ती दाराकडे निघाली तसा शिपाई लगबगीनं आडवा झाला. "मावशी, साक्ष चालूय. मधे उठता येत नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला, पण शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. "बाईंची परवानगी घ्यावी लागेल."

"कसली परवानगी?"

"बाहेर जायची."

आईनं अध्यक्षबाईंकडे पाहिलं. मी तिला ओळखते. मला वाटलं ती मान खाली घालून परत बसेल आणि संध्याकाळपर्यंत बसून राहील. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"बाई, मी जरा बाथरूमला जाऊन येते," ती खणखणीत म्हणाली. "सांगून चाललेय हं, विचारून नाही."

शिपाई बाजूला झाला. दार तिच्या मागं दोन वेळा हललं आणि बंद झालं. आधी ताई उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या. कुठं जायचं म्हणून नाही, नुसत्याच उभ्या राहिल्या. मला काही दिसेना, डोळे भरले होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही. ती माझी आई आहे, असं मला त्या खोलीच्या उंच खिडक्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या दोघांशी त्या हळू काही बोलल्या. दोघांनी माना हलवल्या.

"अंतिम निकाल लेखी येईल," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत उद्याच्या पहिल्या पाळीपासून ती टोकनं खुंटीवरून उतरवा. सगळ्या पट्ट्यांची."

कंपनीचे वकील उठायला लागले. सरांनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला आणि त्यांना बसवलं. मी ग्लास उचलला आणि खुर्चीत बसल्या जागी, एका दमात, गट गट आवाज करत संपवला. पाणी आता गार राहिलं नव्हतं. टंकलेखकानं आदेश पुन्हा वाचून दाखवला, शब्द न् शब्द, आणि बायका एकमेकींचे हात धरून तो ऐकत होत्या. आईनं तो ऐकला नाही. ती बाथरूममध्ये होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती.